बिनवासाचा रंग

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

आदरणीय गयाआक्का,

धाकट्या भीमरावाचा आणि घरातल्या सगळ्यांचा तुला जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. मागे पाठवलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून त्याची राखण करतेस, तेही कळव. शेळी व्याली असं ऐकलं, बरं वाटलं. इकडेही घर भरलंय. किर्ती (विक्रांतची बायको. लग्नात तू जिला कोणी दुसरीच समजून भाकऱ्या थापायला बसवलंस, ती) बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. मुलगी नाकाने माझ्यावर गेली आहे असं मी म्हणतो. बाकीचे नुसतं ऐकून घेतात.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं पदरचं घालतेस. (ऋतिका सूनबाई, आक्काला पत्र तूच वाचून दाखवणार, हे वाक्य वाचताना आवाज जरा उतरव.) परवा तू विक्रांतला विचारलंस म्हणे, भीमाने पायलच्या साहेबावर रंग ओतला ते खरं का. कोणीही कोणावर काहीही ओतलेलं नाही. झालं ते वेगळंच, आणि ते माझ्याच तोंडून तुला कळावं म्हणून पत्र लिहायला बसलो.

आपली पायल अंबरनाथला एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात आहे हे तुला ठाऊक आहे, पण ती तिथे नेमकं काय करते हे मलाही आत्ताआत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. मी लोकांना 'पोरगी आपल्याच लाइनीत आहे' असं सांगून मोकळा व्हायचो. तिचं काम असं, की रंगातून काय उडून जातं ते मोजायचं. चिमूटभर रंग छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत घ्यायचा, तोलायचा, तासभर भट्टीत तापवायचा, पुन्हा तोलायचा. वजन घटलं तेवढं हवेत गेलं. त्यातलं पाणी वेगळं मोजून वजा करायचं, कारण पाणी उडालं तर कोणाचं काही बिघडत नाही. राहिला तो गुन्हेगार. त्याला ती व्हीओसी म्हणते. मी सगळा जन्म त्याला 'पॉलिशचा सुगंध' म्हणत आलो. आता सांग, ज्याने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आयुष्यभर पॉलिशची स्प्रे गन चालवली, अर्ध्या सिंधी घरांतल्या दिवाणांना आरशासारखी चमक आणली, ज्याला डोळे मिटून थिनरचा डबा ओळखता यायचा, त्याला घरातली पोरगी सांगते, की बाबा, तो वास म्हणजे तुमची छाती भरत होती ते भाडं होतं. मला राग आला. पण चहा तिच्याच हातचा होता, म्हणून गप्प बसलो.

तर किर्ती बाळंतपणाला अंबरनाथला माहेरी गेली तेव्हा ठरलं, की ती यायच्या आत बाळाची खोली रंगवायची. रंग कोण लावणार हा प्रश्नच नव्हता. कुठला लावायचा हा मात्र होता, आणि तो पायलने सोडवला. तिच्या कारखान्यात नवीन रंग निघालाय, पाण्यातला, व्हीओसी जवळजवळ नाही. तो घेऊन आली. मी डबा उघडला, नाक घातलं, आणि मला वाटलं माझं नाक गेलं. काहीच नाही. दह्याच्या भांड्यालासुद्धा वास असतो. मी म्हणालो हा रंग की ताक? ती म्हणाली लावून बघा. लावला. भिंत झाकली गेली, ब्रशला हलका, दुपारपर्यंत सुकला. चांगला होता असं मी तेव्हा म्हणालो नाही.

आता पाळण्याकडे येतो. (इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं होतं, यापुढे तसं नाही.) विक्रांतसाठी मी सागवानाचा पाळणा केला होता तो तुला आठवत असेल. तो काढला, घासला, आणि पायल म्हणाली याच्यावरही आमचंच पाण्यातलं वार्निश मारा, उद्या आणते. आक्का, सागवानाला पाणी लावायचं? नातीचा पाळणा आणि त्याला चमक नाही? पायल कामावर गेली, विक्रांत ऑफिसला, घरात मी एकटा. पोटमाळ्यावर माझं जुनं, थिनरमधलं लॅकर होतं. धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावल्या आणि दोन हात मारले. काय चमक आली म्हणून सांगू. पाळण्यात मीच मला दिसत होतो. खोकला आला, पण खोकला मला बदलापूरच्या हवेने येतोच.

मग लक्षात आलं, की पायलला हे कळलं तर काही खरं नाही. पाळणा उचलून शेजारी हरिचंद्रकडे नेऊन ठेवला (हा बेलवलीच्या शाळेत शिपाई होता, आता घरीच असतो, सासूसोबत). सांगितलं, अजून सुकायचाय, आमच्याकडे जागा नाही. खोलीत उदबत्ती लावली, एक नाही, मूठभर. संध्याकाळी पायल आली ती हातात मशीन घेऊन. मोबाइलपेक्षा जरा मोठं, पुढे चोच. ही चोच हवेचा वास घेते आणि आकडा दाखवते, वास जास्त झाला की ओरडते. पायलचं स्वतःचं नाक त्या दिवशी सर्दीने गच्च होतं, म्हणून सगळी भिस्त त्या चोचीवर. खोलीत पाऊल टाकलं आणि मशीन जे ओरडायला लागलं, की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

पायलने उदबत्त्या विझवल्या, खिडक्या उघडल्या, थोडी थांबली, पुन्हा लावलं. आवाज कमी झाला, पण थांबेना. तिने माझ्याकडे बघितलं. "बाबा, या खोलीत दुसरं काही मारलंत का?"

"नाही," मी म्हणालो.

आणि आक्का, तिने ते लगेच मानलं. दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. नुसती भिंतीकडे बघत उभी राहिली. तिने थोडी जरी शंका घेतली असती, तर मी भांडून मोकळा झालो असतो.

यानंतर जे झालं ते मला माहीत असतं, तर मी पाळणा डोक्यावर घेऊन चौकात उभा राहिलो असतो. तिच्या कारखान्याचा हाच रंग बेलवलीच्या एका नव्या प्रसूतिगृहाला जायचा होता. त्यांनी मुद्दाम बिनवासाचा मागितला होता, तान्ही बाळं असतात म्हणून. टेंपो भरून उभा होता. पायलने तो थांबवला. म्हणाली, माझ्या घरातल्या खोलीत आकडा चढतोय, तो का चढतोय हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही. त्याच रंगाची वाटी पुन्हा भट्टीत घातली, पुन्हा तोलली, पाणी पुन्हा मोजलं. रंग दर वेळी स्वच्छ निघायचा. तरी सही नाही. घरी येऊन जेवायला बसायची आणि भाताकडे बघत म्हणायची, वाटी बरोबर सांगते मग खोली का खोटं बोलते. खोली खोटं बोलत नव्हती. मी ताटात मान घालून बसायचो. लोणचं वाढू का विचारलं तरी दचकायचो.

शेवटी तिचे मालक स्वतःच घरी आले. जयदेव सेठ, उल्हासनगरचे सिंधी, माणूस दिलदार, पण टेंपो उभा राहिला की त्यांचा चेहरा बघवत नाही. पायल मशीन घेऊन, सेठ तिच्यामागे, मी सेठच्या मागे. मशीन खोलीच्या दाराशीच ओरडलं. पायलने चोच फिरवली तर ती थेट सेठच्या छातीवर. सेठने इतकं अत्तर मारलं होतं, की त्यांना गॅलरीत उभं करावं लागलं. तिथून ते खिडकीतून बोलत राहिले. मग कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांवर ओरडलं, त्या बाहेर. विक्रांतच्या अंगावर मारायच्या स्प्रेवर ओरडलं, तो बाहेर. मग माझ्या डोक्यावर. काळा कलप मी सकाळीच लावला होता. (पाहुणे येणार म्हणून. तू हसू नकोस, तूही मेंदी लावतेस.) मलाही गॅलरीत काढलं. तिथे सेठ आणि मी दोघे गुन्हेगारांसारखे उभे. आत खोलीत मशीन भिंतीला चोच लावून एकदम शांत. पायलने सगळ्या भिंती फिरून बघितल्या. काहीच नाही.

"देखा?" सेठ खिडकीतून म्हणाले. "रंग में कुछ नहीं है. गाडी छोड दो बेटा."

"आज नाही दिसत सर," पायल म्हणाली. "पण त्या दिवशी होतं. कशाचं होतं ते मला सापडत नाहीये. माझीच चूक झाली असेल कुठेतरी. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, सही त्यांची घ्या. मी नाही करणार."

गॅलरीतून मला तिचा चेहरा दिसत होता. दहावीला गणितात बरोबर उत्तर लिहून आली आणि घरी येऊन चुकलं म्हणून रडली होती, तसाच चेहरा. मी आत गेलो, तिच्या हातातून मशीन घेतलं आणि तडक हरिचंद्रच्या घरात शिरलो. दोघे माझ्या मागून आले. पाळणा त्यांच्या बैठकीत होता, हरिचंद्रची सासू नाकाला पदर लावून लांब दारात बसली होती. ती मला बघून म्हणाली, "न्या हो ते एकदाचं. माझं डोकं धरलंय त्या वासाने, जावयाला सांगते तर तो म्हणतो भीमरावांचं आहे, असू दे." मी चोच पाळण्यावर धरली. मशीनने काय सांगितलं ते सगळ्या मजल्याने ऐकलं.

"लॅकर मारलं मी," मी म्हणालो. "खोलीतच. रंगात काही नव्हतं, आणि चूक तुझी नव्हती."

सेठने कपाळावर हात मारला, तिथल्या तिथे फोन लावला आणि टेंपो सोडायला सांगितला. (पायलने सही केली तेव्हाच तो सुटला, हे मी तिच्या वतीने नमूद करतो.) जाताना मला म्हणाले, "साईं, घर का आदमी ऐसा है, तो कॉम्पिटिशनवाले की क्या जरूरत?" मी त्यांना चहा विचारला, ते थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी पायल मशीनची चोच पुसत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, कारण दुसरं काही सुचेना. म्हणाली, "लहानपणी तुम्ही जिना चढायला लागलात की मला वासावरून कळायचं, बाबा आले. मला वाटायचं तो तुमचाच वास आहे, माणसाचा. कॉलेजात बाटली उघडली तेव्हा कळलं, ते थिनरमधलं टोल्युइन होतं." मग म्हणाली, "वर्गात सगळ्यांनी नाक धरलं. मला घरची आठवण आली."

आक्का, खोकला आला, तो मात्र हवेचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी गच्चीवर पाळणा घासायला घेतला. सगळं लॅकर काढलं, तिचं पाण्यातलं वार्निश मारलं. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहिले, मी म्हणालो बघ, सांगितलं होतं. ती म्हणाली पॉलिशपेपर मारा आणि दुसरा हात द्या. मारला. तिसऱ्या हाताला लाकूड असं मऊ झालं, की गालावर फिरवावं. आरशाची चमक नाही. तांब्याच्या जुन्या भांड्याला असते तशी मंद आहे. तिथे मशीन धरलं, तर ते गप्प. सेठने आता मला कारखान्यात बोलावलंय, हे वार्निश लाकडावर कसं चालतं ते सुतारांना दाखवायला. मी आढेवेढे घेतले आणि लगेच हो म्हणालो.

तर अशी हकिगत. मुलीच्या नामकरणाला तुम्ही सगळ्यांनी यायचंच, तू आणि ऋतिका दोन दिवस आधी. तुला खोली दाखवायची आहे. गुडघ्यांना जप, घरात लहानथोरांना माझा जय भीम.

तुझा,
भीमराव

ता.क. एवढं सगळं करून नात त्या पाळण्यात झोपत नाही. ठेवलं की रडते. किर्तीने जुन्या साडीची झोळी बांधली आहे, तीत गाढ झोपते. पाळण्यात सध्या विक्रांतचे इस्त्रीचे कपडे असतात.

ता.क. दुसरा. रविवारी आमच्या गल्लीतल्या विनीतचा टेंपो कांदा आणायला तुमच्याकडे येतोय. त्याच्याकडे एक पोतं देतोय, वर 'तांदूळ' लिहिलंय. आक्का, ते तांदूळ नाहीत. माझे जुने लॅकरचे चार डबे आणि थिनर आहे. टाकवत नाही. पायलला सांगितलंय फेकले म्हणून. तुझ्या मागच्या पडवीत ठेव, चुलीपासून लांब, शेळीपासूनही लांब. पत्र लिहिलं ते खरं तर एवढ्यासाठीच. पाकीट चिकटवायला पायलकडे देतोय, ती काही वाचायची नाही.

ता.क. तिसरा (पायलच्या हातचा). आत्या, जय भीम. पोत्यात बांधून ठेवलेले डबे मला पोटमाळ्यावरच सापडले होते, मशीनची गरज पडली नाही, माझी सर्दी बरी झाली आहे. ते कारखान्यात नेऊन दिले, तिथे त्यांची नीट विल्हेवाट लागते. पोत्यावर तांदूळ लिहिलंय म्हणून त्यात तांदूळच भरलेत, आंबेमोहोर आहे, खीर कर. बाबांना तू फक्त 'पोतं पोचलं' एवढंच कळव. आणि एक काम कर. छातीच्या डॉक्टरची वेळ मी दोनदा घेतली, बाबा दोन्ही वेळा खोकला बदलापूरच्या हवेवर ढकलून गेलेच नाहीत. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. नामकरणाला येशील तेव्हा तूच हाताला धरून घेऊन जा.