नळीत अडकलेली चिंधी

प्रिय एर्मेक,

परवा तुझा फोन मध्येच तुटला, आणि तसंही हे मला फोनवर नीट सांगता आलं नसतं. शेजारच्या शाइर्बेकचा भाऊ शनिवारी तिकडे कझानला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या पाठवतेय. इथे सगळं छान आहे. यंदा गवत गुडघ्याच्या वर गेलंय. आपली आयदाना आता घोड्यावर एकटी बसते, आणि उतरवलं की रुसते. रुसण्यात अगदी तुझ्यावर गेलीय.

मागच्या आठवड्यात लांडग्यांनी शाइर्बेकच्या दोन मेंढ्या नेल्या. त्याच दिवशी तुझ्या बाबांनी भिंतीवरची रायफल काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, मला आता दिसत नाही, तूच साफ कर. मी म्हटलं, पण तिची आतली, गोळी उडवणारी पिन तुटलीय ना, एर्मेक म्हणाला होता. त्यांनी स्वतःला चहा ओतून घेतला.

आत गोळी नाही हे आधी बघितलं, बोल्ट काढला. पिन धडधाकट होती. मग नळी खिडकीकडे धरली, तर पलीकडचा उजेडच दिसेना. तेव्हा मला चार वर्षांपूर्वीची ती थंडी आठवली. तू अंगणात आमच्याकडे पाठ करून बसला होतास, आणि काय करतोयस विचारलं तर माझ्यावर खेकसलास. चिंधी जाड घेतली होतीस ना? बॅटरी मारून बघितलं, तर तिच्यासकट साफ करायच्या सळईचं टोक आत तुटून बसलं होतं. पुढच्याच आठवड्यात लांडगे बाबांच्या घोडीवर, करागेरवर, आले, आणि तू रायफल हातात घेऊन नुसता ओरडत राहिलास. बरं झालं चाप ओढला नाहीस, नळी तुझ्याच तोंडावर फुटली असती. पण घोडी गेली, आणि महिन्याभरात तूही कामासाठी म्हणून कझानला गेलास.

मला राग यायला हवा होता. आधी हसू आलं, आणि मग तू हे एवढी वर्षं एकटा उरावर घेऊन बसलायस याचं वाईट वाटलं.

बाबांना मी काहीच बोलले नाही. नळीत तेल सोडलं आणि रायफल दोन दिवस कोपऱ्यात उभी ठेवली. तिसऱ्या दिवशी शाइर्बेककडून पितळेची सळई आणली आणि चिंधी जिकडून गेली होती तिकडेच परत ढकलायला लागले. लाकडी हातोडीने टकटक करत होते, पण ती जागची हलेना. बाबा बाहेरून आले, न विचारता समोर बसले आणि रायफलचा लाकडी दस्ता दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला. जोर लावू नकोस, एवढंच म्हणाले. दुपार त्यातच गेली. दोनदा चहा झाला. शेवटी सळईच्या तुकड्यासकट चिंधी पुचकन बाहेर आली, काळीकुट्ट, पण एका घडीत निळ्या चौकटी अजून दिसत होत्या.

बाबांनी ती बोटांनी चाचपली. "एर्मेकचा सदरा," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"घोडी गेली त्याच दिवशी नळीतून बघितलं होतं मी. म्हटलं, आपणहून सांगेल, मग दोघं मिळून काढू." चिंधी माझ्या हातात देत म्हणाले, "तो सांगेना आणि मला विचारता येईना. चूक माझीपण आहे, पोरी."

त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले आणि आयदानाला तुझ्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसले. कितीतरी दिवसांनी तुझं नाव घेऊन हसले.

दर वर्षी तू म्हणतोस रजा मिळत नाही, आणि मी कधी खोदून विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही. पण या घरात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि तुझ्यावर कुणी रागावलेलंही नाही. करागेरची शिंगरी आता पाच वर्षांची झालीय. शाइर्बेकने कितीदा मागितली, पण बाबा तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत. मला वाटायचं म्हातारपणाचा हट्ट आहे. काल त्यांनी मला लिहायला बसवलं आणि निरोप सांगितला, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते: गवत कापायला ये, आणि तुझी घोडी तूच शिकव.

तुझीच,
बुरुल