दुसऱ्या घरातली कॉपी

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की सिल्व्हर पार्कमधल्या आपल्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला ओळखणारी चारच घरं उरली आहेत. बाकीचे विकून गेले. तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक गुजराती कुटुंब राहतं. माणसं चांगली आहेत, दिसलो की जय श्रीकृष्ण म्हणतात, पण त्या दारावरून जाताना मी अजून मान खाली घालतो. हे मी वहीत लिहितोय. कॉम्प्युटरवर लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण ही गोष्ट त्यात लिहायची मला हिंमत होत नाही.

मी सातवी शिकलेला टर्नर. काशीमीऱ्याच्या एका गाळ्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. लोखंडाचा सूतभर फरक मला डोळ्यांनी कळायचा, पण कागद हातात आला की घाम फुटायचा. मुलगा मस्कतला नोकरीला गेला तेव्हा हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडून गेला. पप्पा, आता मेल करायची, फोन महाग पडतो, असं सांगून गेला. तो गेला आणि आमच्या हिने त्या कॉम्प्युटरवर भरतकामाचा रुमाल टाकला तो महिनाभर काढला नाही. मला सगळ्याचीच भीती. भलतं बटण दाबलं तर आतलं जळेल, इंटरनेट चालू राहिलं तर फोनचं बिल धावत सुटेल, कुणीतरी परदेशातून बघत असेल. तुम्ही नाताळच्या फराळाचं ताट घेऊन वर आलात, रुमालाकडे पाहिलंत आणि आमच्या हिला विचारलंत, "आजारी हाय का हो तो? पांघरूण घातलंय म्हणून विचारते." एरवी तुम्ही शाळेत मुलांना शिकवलंत तसंच शुद्ध बोलायच्या. थट्टा करताना आणि रागावताना मात्र तुमच्या गावची, उत्तनची बोली यायची.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता मी तुमच्याकडे येऊ लागलो. तुमचा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता, कारण भक्कम प्लग तिथेच. एका बाजूला मिक्सर, दुसऱ्या बाजूला कीबोर्ड, आणि शेगडीवर बोंबलाचं कालवण. तुम्ही डाव टेबलावर आपटून शिकवायच्या. बंद करताना थेट स्विच उडवायचा नाही, आधी त्याला आवरायला वेळ द्यायचा. लॉटरी लागली असं सांगणारी मेल आली तर ज्याने तिकीटच काढलं नाही त्याला लॉटरी कशी लागेल एवढं स्वतःला विचारायचं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवायचा नाही. मी ते केलं होतं. तुम्ही चिठ्ठी काढून घेतलीत आणि म्हणालात, मग घराची किल्लीपण दाराला टांगून ठेवा. मी काहीही विचारायचो. मेल रात्री झोपते का? मुलाला पाठवलेला फोटो माझ्याकडे उरतो की जातो? व्हायरस आला तर आमच्या हिच्या दम्याला त्रास होईल का? तुम्ही हसायच्या नाहीत. चष्मा लावून तो प्रश्न तसाच्या तसा टाइप करायच्या आणि खाली त्याचं उत्तर.

ते पुस्तक होतं हे मला खूप उशिरा कळलं. घरातला कॉम्प्युटर घाबरणाऱ्या माणसांना समजावून सांगणारं, सोप्या मराठीत, सगळे प्रश्न माझे. दोन वर्षं तुम्ही ते लिहीत होतात. त्या ऑगस्टमध्ये एक दिवस म्हणालात की लिहून झालं, फक्त प्रस्तावना राहिली, मग भाईंदरच्या एका छापखान्यात द्यायचं. आणि तुम्ही मला एक सीडी दिलीत. फ्लॉपीवर तुमचा भरवसा नव्हता, आपल्याकडच्या खाडीच्या हवेत तिला बुरशी येते म्हणायच्या. तुमचा नियम होता की कामाच्या वस्तूची दुसरी कॉपी दुसऱ्या घरात ठेवायची. एका घरात दोन ठेवल्या तर ती एकच. दुसरं घर म्हणून तुम्ही माझं निवडलंत. सख्खी माणसं उत्तनला होती, शेजारी शिकलेले होते, तरी माझं. ती उघडायची कशी ते दाखवलंत आणि म्हणालात, महिन्यातून एकदा उघडून बघा, सुकटीचा डबा बघतो तशी, नाहीतर आळ्या पडल्यावरच कळतं.

दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. आमच्या गाळ्यात त्या दिवशी मशीन बंद. सगळी हत्यारं रॉकेलने धुवायची, चिंधीने चकचकीत पुसायची, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे पूजेला हत्यार म्हणून काही उरलं नव्हतं. त्या वर्षी मी कॉम्प्युटर पुसला, त्याला झेंडूची माळ घातली आणि तुमची सीडी पाटावर ठेवली. चकचकीत बाजू वर केली. ती आरशासारखी होती, मला वाटलं तीच देवाला दाखवायची बाजू. कालवलेलं कुंकू लावलं, हळद लावली, अक्षता टाकल्या. दसऱ्याला पूजा उचलली तेव्हा ते सगळं वाळून घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं, मग गाळ्यात करायचो तसं रॉकेलच्या चिंधीने गोल गोल घासलं. सीडी स्वच्छ झाली पण आरसा गेला. काचेवर वाफ धरावी तसं दिसायला लागलं. मी ती पाकिटात घातली आणि कपाटात चादरीखाली ठेवून दिली.

त्याच दिवशी खाली येऊन सांगितलं असतं तर तुम्ही दहा मिनिटांत दुसरी करून दिली असती. तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत होता, पुस्तक त्यात होतं. एवढं मला कळत होतं. पण देवाची पूजा करून तुमचं पुस्तक खराब केलं हे तुम्हाला, एका ख्रिस्ती बाईला, कोणत्या तोंडाने सांगू, हे दुसरं वाटायचं. आणि कदाचित खराब झालंच नसेल, हे तिसरं. दिवसभर तेच मनात घोळायचं. पुढच्या मंगळवारी तुम्ही विचारलंत, उघडून पाहिली का? मी हो म्हणालो. कोणतं पान पाहिलं म्हणालात, तर पहिलं म्हणालो. तुम्ही इतक्या खूश झालात की माझ्या चहात साखर दोनदा घातलीत. नोव्हेंबरमध्ये विचारलंत, हो. डिसेंबरमध्ये विचारलंत, हो. तोपर्यंत हो म्हणायला मला वेळही लागत नव्हता.

प्रस्तावना तुमच्या मनासारखी होत नव्हती म्हणून पुस्तक अजून छापखान्यात गेलं नव्हतं. होळीच्या आधी एक दिवस बिल्डिंगची लाइट तीन-चारदा आली-गेली आणि तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क काढून तपासली आणि डेटा गया टीचर, असं म्हणून हात झटकले. तुम्ही मात्र हसत वर आलात. आमच्या हिला सांगितलंत की बघा, म्हणून मी दुसरं घर ठेवते. मी चादरीखालून पाकीट काढून दिलं. तुम्ही सीडी माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातलीत. ती आत घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि स्क्रीनवर आलं की सीडी घाला. तुम्ही ती काढलीत, पदराने पुसून पुन्हा घातलीत. तीनदा. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरलीत. मधल्या भोकाच्या कडेला हळद राहिली होती, ती तुम्ही नखाने काढली आणि बोटावर बघत उभ्या राहिलात.

मी म्हणालो, "कंपनीच खराब असेल बाई. हल्ली माल चांगला येत नाही."

तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढवला नाहीत. "पूजेचा काय न्हाय हो. पूजा करा, चांगली गोष्ट हाय. पन तुम्ही दर महिन्याला उघडून बघत होतात ना?"

"बघत होतो," मी म्हणालो. "डिसेंबरपर्यंत चांगली होती."

आमची ही तिथेच दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तुम्ही सीडी पाकिटात घातलीत आणि पाकीट माझ्या हातात दिलंत, जसं वर्गात मुलाला त्याची कोरी उत्तरपत्रिका परत देतात. मग खाली गेलात.

आठ दिवसांनी तुमचा निरोप आला. नवीन डिस्क बसवली आहे, शुक्रवारी या, आपण पहिल्यापासून सुरू करू. उत्तरं मला तोंडपाठ आहेत, पण प्रश्न तुमच्या तोंडून हवेत, माझ्या डोक्यातून ते तसे निघत नाहीत, असं तुम्ही कळवलंत. गुडघा धरलाय म्हणून मी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी डोळ्यांचं कारण दिलं. नंतर तुम्ही निरोप पाठवायचं बंद केलंत. जिन्यात भेट झाली की मी पायाकडे बघत बाजूला सरायचो, आणि तुम्ही आमच्या हिची तब्येत विचारायच्या. पुढच्या नाताळला ताट आलं, पण तुमची भाची घेऊन आली, तुम्हाला जिना चढवत नव्हता. ईस्टरच्या आधी तुम्ही गेलात. उत्तनच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाहेर आल्यावर तुमच्या भाचीने मला सांगितलं की मावशीने पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं होतं, अकरा पानं झाली होती, पण प्रश्न नीट जमत नाहीत म्हणायची. ती हे सहज सांगत होती. माझ्याकडून काही ऐकायचं आहे असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी फुलं खाली ठेवली आणि रिक्षा पकडली.

आता बिल्डिंगमधले म्हातारे माझ्याकडे येतात. बँकेचा मेसेज खरा का खोटा, फोटो कुठे गेले, सगळं मला विचारतात. मी तुमचीच उत्तरं देतो, तुमच्याच शब्दांत, लॉटरीच्या तिकिटापासून. ते म्हणतात काकांना काय समजतं हो. मी तुमचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर पुढचंही सांगावं लागेल.

हे पत्र वहीतच राहणार, ते पाठवायचं कुठे? पण एक गोष्ट मी आमच्या हिलासुद्धा सांगितली नाही, ही वारली तोवर सांगायची राहूनच गेली. सीडी उघडायची कशी ते तुम्ही दाखवलंत त्या दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात तुमची भाची बसली होती, कॉलेजात शिकणारी. तुम्ही विचारलंत, कळलं ना? मी हो म्हणालो. बाई, मला काहीच कळलं नव्हतं. त्या मुलीसमोर पुन्हा विचारायची मला लाज वाटली. विचारलं असतं, तर तुम्ही चष्मा लावून तोही प्रश्न टाइप केला असता.