सशीण संध्याकाळी येते

१७ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देशील अशी धाकधूक आहे, तरी लिहिते. तुझी भिंगरी ठणठणीत आहे, हे आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. खालचा एक दात हलतोय. दिवसभर जिभेने ढकलत बसते आणि मी ओरडले की तोंड मिटून मान हलवते, मी नाही त्यातली!

तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ते कुरकुरतात. माझी बालवाडी चालू आहे. यंदा भिंगरी धरून बावीस पोरं आहेत आणि त्यातली निम्मी चावरी.

यंदा मी एक खूळ काढलं. दर शुक्रवारी पोरांना एखादं पिल्लू दाखवायचं. ते कुठे झोपतं, काय खातं, त्याची आई त्याला कसं सांभाळते, सगळं जवळून. दूधवाल्याचं वासरू बघून झालं. एकीने त्याला विचारलं, "तू कोणत्या वर्गात?" मग कोंबडीची पिल्लं, मांजरीची डोळे न उघडलेली पिल्लं. आईबाप खूश, आणि मी तर विचारूच नकोस. शेवटी पोरांना एकच गोष्ट घोकून घ्यायचे, "पिल्लू एकटं दिसलं तर काय करायचं?" सगळी ओरडायची, "बाईंना सांगायचं!"

त्याप्रमाणे सांगितलं पोरांनी. गेल्या गुरुवारी शाळेमागच्या माळावर गवतात रानसशाचं पिल्लू सापडलं. मुठीएवढं, डोळे उघडे, अगदी निश्चल. आजूबाजूला आई नाही. पोरं रडायला लागली, "ह्याची आई ह्याला टाकून गेली." मला काय, बाई ना मी! उचललं, स्वेटरात गुंडाळलं, ठोकळ्यांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं. ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. पोरांनी नाव ठेवलं बटाटा. शनिवारी सकाळी बटाटा गार पडलेला होता.

जनावरांचे डॉक्टर दूधवाल्याकडे आले होते, त्यांना दाखवलं. मला वाटलं, म्हणतील, बाई, तुम्ही शिकस्त केलीत. ते म्हणाले, "उचललंत कशाला? रानसशीण पिल्लाजवळ बसून राहत नाही. तिच्या वासावर कोल्हाकुत्रा येऊ नये म्हणून दिवसभर लांब राहते. दिवस कलला की येते, पाजते, पुन्हा जाते. त्या संध्याकाळीही आली असणार."

काल, सोमवारी, पोरांना काय सांगायचं? बटाटा आईकडे गेला, अशी थाप अगदी ओठांवर होती. पण सांगून टाकलं, बाईंची चूक झाली, आई येणार होती. पोरं थोडी रडली आणि मधल्या सुट्टीत विसरली. भिंगरी तेवढी माझ्याजवळ उभी राहिली.

"ती आली तेव्हा पिल्लू नव्हतं. मग तिने काय केलं?"

"शोधलं असेल."

"किती दिवस?"

मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतेय. तू लांबच्या इस्पितळात नोकरी धरलीस आणि सहा महिन्यांसाठी म्हणून पोर माझ्याकडे ठेवलीस. सहाचे आठ झाले. आठव्या महिन्यात तू तिला न्यायला आलीस, तेव्हा मी दारातच सांगितलं, ती भावोजींबरोबर गावाला गेलीय, दोन दिवसांनी येईल. तुला त्याच रात्री कामावर पोचायचं होतं, हे मला ठाऊक होतं. भिंगरी तेव्हा आत न्हाणीत होती. नळ धो धो सोडून तिला बादलीत बसवून आले होते, तुझा आवाज तिला जाऊ नये म्हणून. वर तुलाच चार शब्द सुनावले, की पोर टाकून जाणारीने आई म्हणवून घेऊ नये.

नंतर तू फोन करायचीस, तेव्हा ती बोलायला नाही म्हणते, असं मी सांगायचे. तिला मी कधी विचारलंच नाही. तुझ्या भावोजींनी दोनदा हटकलं, त्यांनाही गप्प केलं. तू फोन थांबवलास तेव्हा मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते. मला मूल झालं नाही, हे कारण तू मनात काढशील. काढू नकोस. मूल नसलेल्या सगळ्याच बायका चोऱ्या करत नाहीत.

आणि तिला काय सांगितलं होतं? तुझी आई तुला ठेवून गेली, आता मीच. साडेतीन वर्षांच्या पोरीला सांगितलं, आणि गेली दोन वर्षं तेच सांगत आले.

काल संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि सगळं खरं सांगितलं. बादलीचंसुद्धा. वाटलं, रडेल, मारेल. रडली नाही. आज वेणी मला घालू दिली नाही, भावोजींकडून घालून घेतली, वाकडी. शाळेत जाताना बोट धरलं नाही.

तू कधीही ये. कळवून ये, न कळवता ये. तिला ने. तिचे कपडे, लसींचं कार्ड, सगळं मी एका पिशवीत भरून ठेवलंय. मला चार शब्द सुनावायचे असतील तर सुनाव, मी ऐकून घेईन. पण आधी तिला जवळ घे.

हे लिहीत असताना ती दारात येऊन उभी राहिली. कालपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"आता आई आली, तर मला सांगशील?"

सांगेन म्हणाले. तिला खरं वाटलं नाही. ती खिडकीत जाऊन बसलीय.

तुझी अपराधी,
ताई