बाबांचा फोकस

विनीत,

गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, घर उचकू नकोस. मी एसटीने पालीला चाललेय, रेग्युलेटर आणायला. तोवर गाडी चालू करायची नाही, नाहीतर नवी बॅटरीपण उकळेल.

तू झोपला होतास तेव्हा मी मीटर लावून बघितलं. बाबांनी हौसेने हँडलवर बसवलेला जादा दिवा, तो फोकस, त्यांनीच परवा काढलाय, म्हणजे गाडीवर जादा काही नव्हतं. तरी रेस दिल्याबरोबर व्होल्टेज सोळाच्या वर गेलं. ते साडेचौदाच्या आसपास रोखायचं, हेच रेग्युलेटरचं काम. आधी वाटलं, खाऱ्या हवेने अर्थिंगची वायर गंजली असेल. घासून परत आवळली, तरी तेच. म्हणजे बल्ब उडाले, बॅटरी फुगली, ते सगळं रेग्युलेटरमुळे. "तुमच्या फोकसने गाडीची वाट लावली" असं तू शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने बाबांवर ओरडलास ना, त्या फोकसचा काही दोष नाही.

तेव्हापासून बाबा बागेत चालत जातात. परत येताना कातळावर मिट्ट काळोख असतो. मी बोलले, तर म्हणाले, चाललेलं बरं असतं गुडघ्यांना. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत.

पेज झाकून ठेवलीय. फोकस, स्क्रू आणि पाना पडवीत झोपाळ्यावर आहेत. बाबा यायच्या आत तो गाडीवर दिसला पाहिजे. माफी वगैरे मागत बसू नकोस, ते उगाच अवघडतील. फक्त काच नीट पूस.

ताई