लाल लाखेचा करंडा

४ जानेवारी १९५८

जाणार नाही म्हणजे नाही! ग्रामसेवकाला तोंडावर सांगितलं. चांद्याला सव्वीस जानेवारीचं हस्तकलेचं प्रदर्शन आहे म्हणे, आणि पोंभुर्ण्याकडचा खरादी म्हणून यानं माझं नाव परस्पर कळवून टाकलं. वर मलाच समजावतो — "दादाजी, तुमच्या वस्तू पाह्यल्या तं लोकं खुळे होतीन!" होऊ देत. खराद एकट्या माणसाची नसते, हे याला कोण सांगणार? एकानं चामड्याची वादी ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची. माझी वादी ओढणारी, माझी कमळा, पोळ्यानंतर तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून खरादीवर पोतं टाकून ठेवलंय.

७ जानेवारी

शेजारचा वारलू आला. लहानपणचा सोबती. काही न विचारता पोतं काढलं, वादी हातात घेतली. "भाऊ, मी ओढतो. जा चांद्याले. वहिनीचं नाव निघन तिथी."

वहिनीचं नाव! बसलो पटाशी घेऊन.

वारलू वादी ओढतो की विहिरीचं पाणी शेंदतो, देवच जाणे. हळदूच्या दोन चांगल्या लाकडांची वाट लावली. शेवटी तोच हसला, मग मीही. हसून झाल्यावर फार वाईट वाटलं. त्याला चहा केला.

९ जानेवारी

भोवरे झाले. लाटणी झाली. पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकंही झाली. रंग चढवायला पिवळी, हिरवी, काळी लाख पुरेल. लालची मात्र एकच कांडी, तीही अर्धी — कमळाच्या हातची.

त्या लाल रंगात काय पडतं मला ठाऊक नाही, खरंच. लाख पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली नीलाबाई जंगलातून आणते, कुसुमाच्या झाडावरची. माघात निघते, तेव्हा येते. बाकीचे रंग मी मिसळतो. लाल करताना कमळा मला चुलीपासून उठवून द्यायची. "तुमाले सांगतलं तं मंग मले कोण विचारन?" लग्न झाल्यापासून हीच थट्टा! आणि मीही मुकाट उठायचो. मला वाटायचं, विचारू कधीतरी, घाई काय आहे. तापात तिची शुद्धच गेली. तोंडून शब्द फुटला नाही.

कांडीवर तिच्या बोटांचे ठसे आहेत, ओली असताना उमटलेले. वापरली तर ते वितळणार. नाही वापरली, तर त्या प्रदर्शनात तिचं असं काय असणार?

१० जानेवारी

कांडी उतरंडीत ठेवली. काढली. पुन्हा ठेवली.

१४ जानेवारी

संक्रांत. वारलूची बायको इंदू तिळगूळ दारात ठेवून गेली. आत आली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. गल्लीत बायांची हळदीकुंकवाची ये-जा चालली होती. आमचंच दार वगळून.

ठरलं. कुंकवाचा करंडा करायचा. तिच्या लालचा. विकायचा नाही, नुसता समोर मांडायचा. बघू देत चांद्याच्या लोकांना!

१९ जानेवारी

सत्यानाश!

करंडा सुरेख उतरला होता. झाकण असं घट्ट बसलं की मीच मला शाबासकी दिली. मग लाल लावायला घेतला. लाख लावताना लाकूड भन्नाट फिरावं लागतं. घासून तापलं की कांडी आपोआप पाघळते. वारलूनं जीव तोडून ओढलं बिचाऱ्यानं. पण दमला, वेग पडला, आणि लाख अंगावर पसरायच्या आधीच गाठी धरून बसली. मी कांडी आणखी दाबली. फुटली! तुकडे भुशात गेले. ते वेचून तसेच लावले. आता करंडा जखमेवरच्या खपलीसारखा दिसतो.

"माह्यानं नाई झालं, भाऊ. हात भरून आले माहे." वारलू रडायलाच लागला. त्याचा काय दोष? हात मंद असला की कांडी आधी निखाऱ्यावर मऊ करून घ्यावी, हे पोरालाही कळतं. पण कमळा ओढायची तेव्हा निखारा कधी लागलाच नाही. मला आठवलंच नाही ते.

ठसे गेले. मीच घालवले.

२३ जानेवारी

नाही जात म्हटलं. वारलूनं ऐकलं नाही. सामान बैलगाडीत चढवलं, करंड्यासकट.

२९ जानेवारी

चांद्याहून परतलो. गर्दी चिक्कार. भोवरे पोरांनी पहिल्याच दिवशी संपवले. साहेब लोक आले, "वा वा" म्हणाले, पुढे गेले. करंडा मी लाटण्यांच्या मागे सरकवून ठेवला होता.

शेजारी बांबूच्या टोपल्या घेऊन सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी बसली होती. तिनंच तो शोधून काढला. "हा काऊन लपवून ठेवला जी?" बिघडलाय, म्हटलं. "कायनं बिघडला?" घरची गेली, एवढंच म्हणालो. तिनं करंडा पदरानं पुसून माझ्या मांडीवर ठेवला. "जा मांडवामांगं. रडून घ्या जरासं. तुमचं गिऱ्हाईक मी पाह्यतो."

गेलो. पोळ्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडलो. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? वाटलं, ताप आला आणि गेली, कुणाच्या हातात होतं? आता सावरायला हवं.

३ फेब्रुवारी

सकाळी नीलाबाई आली. "बाई कुठी?" असं विचारलंच नाही तिनं. दारातूनच म्हणाली, "गेली का बाई?"

मी मान हलवली. तिनं पदराची गाठ सोडली. लाल कांड्या. तोच लाल!

"मांगच्या उन्हाळ्यात माह्या घरी येऊन मले शिकवलं तिनं. पोटात गाठ हाय म्हणे, लय दुखते. भाऊले सांगू नोको, हात थांबन त्याईचा. मी नसली का लाल तू देत जाय."

उन्हाळ्यात. म्हणजे पोळ्यापर्यंत सगळे दिवस ती माझ्यासमोर बसून वादी ओढत होती. पोटात गाठ घेऊन.

मी म्हणायचो, ओढ. ती ओढायची.