आईंच्या घरी राहिलेलं शेत

सालातिगा, मंगळवार

आदरणीय मास (दादा) लुकितो यांना प्रसोजोचा सलाम.

बातामची हवा मानवत असेल, तुमची पाठ पुन्हा धरली नसेल आणि वहिनींचं शिवणकाम जोरात असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत. गेल्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

ईदला तुम्ही आमच्या दोन्ही कॉम्प्युटरांवर लिनक्स घातलंत, खेळ उघडून देणारा एक लाँचर बसवलात आणि बजावलंत, "प्रसोजो, याला हात लावू नकोस." (तुम्ही बोलला नसतात तर मला सुचलंही नसतं.) पण नेटवर काही लोक दुसऱ्याच लाँचरची तारीफ करत होते, आणि उरलेले तिसऱ्याची. मी दोन्ही बसवले. प्रत्येक लाँचर आपलं वेगळं खोटं विंडोज मांडतो आणि खेळाची जतन केलेली प्रत त्यातच ठेवतो, हे मला कुठे ठाऊक? नव्या लाँचरमधून विनार्नीचा शेतीचा खेळ उघडला, तर समोर नुसतं तण. वर दोन्ही कॉम्प्युटरांवरची प्रत नेटवरून सारखी ठेवणाऱ्या सिंकने विचारलं, नवी प्रत ठेवू की जुनी? मी म्हटलं, नवी. तुमच्या बहिणीचं चार वर्षांचं शेत गोठ्यासकट गेलं.

ती शाळेची सहल घेऊन गेली होती, शनिवारी परतणार होती. मास, बाबा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी त्या शेतावर बसते आणि तेव्हाच काय ती हसते.

मग आठवलं, तिचा लॅपटॉप ईदपासून तेमांगुंगला आईंकडेच राहिलाय. (आईंनी गाडीत वेफर्सचे इतके डबे भरले की लॅपटॉपला जागाच उरली नाही.) तिथे नेट नाही, म्हणजे जुनं शेत शाबूत. पण तुम्ही आईंसाठी घेतलेलं इंटरनेट गुरुवारी बसणार होतं. लॅपटॉप नेटला लागला की माझं तण तिथेही पोचणार.

मी फोन केला. सासूबाईंना थेट 'नको' कसं म्हणायचं? तब्येत, पाऊस, तंबाखूचं पीक, शेजारणीचा गुडघा, सगळं झाल्यावर हळूच म्हटलं, लॅपटॉपला जरा विश्रांती द्यावी. "इंगिह, इंगिह," आई म्हणाल्या. त्यांचं 'हो' म्हणजे ऐकलं, मानलं असं नव्हे, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. मी मोटरसायकल काढली.

पोचलो तर वायरमन शिडीवर चढलेला. मी लॅपटॉपकडे वळलो, तोच आई आडव्या आल्या. "आधी जेव रे बाळा. ते यंत्र काय पळून जातंय?" नाही म्हणायची सोय नव्हती. शिडीवर नजर ठेवून दोनदा भात घेतला, हात धुतले आणि वायर आत यायच्या आधी शेत पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. घरी येऊन दोन्ही नवे लाँचर काढून टाकले आणि शेत परत जागेवर ठेवलं. शनिवारी विनार्नीने खेळ उघडला तेव्हा गाई दारात उभ्या होत्या. इतकं हलकं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तुमचा (आता) आज्ञाधारक,
प्रसोजो

ता. क. विनार्नीला सगळं कळलं. शेत तिने सोडलं होतं तसं नव्हतंच. मळा नव्याने लावलेला, गोठा दुप्पट झालेला, आणि माझं नाव दिलेला कोंबडा बाजारात विकलेला. ईदपासून आई रोज खेळत होत्या. कोंबड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "अंडं नाही, काही नाही, नुसता ओरडतो."

दुसरा ता. क. त्याच दिवशी मी लॅपटॉपही उचलून आणला. आता आई रोज संध्याकाळी फोन करून गाईंना पाणी दिलं का विचारतात. बाबा गेल्यापासून त्यांचीही संध्याकाळ रिकामी असते, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्यासाठी एक कॉम्प्युटर घेऊन याल का? लाँचर तुम्हीच बसवा. तोवर मला अंगणात बसवून ठेवायचं, असं आईंनी ठरवलं आहे.