वरीची खीर छताला चिकटेल का?

कॅनोरा, सस्कॅचेवान
३ डिसेंबर

चि. ओरिसिया हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदा सहा जानेवारीला, आपल्या युक्रेनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तू यायचंच! सबबी चालणार नाहीत. गेल्या वर्षी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही तुझ्यासाठी तांदळाच्या पिठाच्या वेगळ्या केल्या, आणि उकळल्या मात्र आमच्या गव्हाच्या पिरोहींच्याच पाण्यात. मला वाटलं, एवढ्या खळखळत्या पाण्यात काय उरतंय! गहू म्हणजे उकळून मरायला जंतू नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तू अंथरुणाला खिळली होतीस. माझ्या हातचं खाऊन तू नऊ दिवस आजारी होतीस, हे मला अजून सोसत नाही.

आता ऐक. पातेलं, पोळपाट, लाटणं, चाळणी, सगळं नवं, आणि प्रत्येकाला खुणेचा लाल दोरा. सणाच्या बारापैकी अकरा पदार्थांत गव्हाचा कण नाही, सगळ्यांसाठीच. खसखस-मधाची खीर तेवढी गव्हाची, ती तुझ्यापासून लांब ठेवीन. तुझे आजोबा म्हणतात, स्वयंपाकघरात शिरायला आता परवाना काढावा लागतो.

उलटटपाली होकार कळव. माया आहेच, ती पोटभर घ्यायला ये.

तुझी आजी, स्टेफानिया

विनिपेग
१२ डिसेंबर

ती. आजीस ओरिसियाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि आनंदाच्या भरात शेजारच्या अनोळखी बाईंना मिठीच मारणार होते! सिलिअ‍ॅक हा गव्हाचा कणही न सोसणारा आजार निघाल्यापासून अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी चाळणीसुद्धा नवी घेतली नव्हती.

पण आजी, खीर लांब कशी ठेवशील? आजोबा पहिला चमचा छताकडे भिरकावणार. जितके दाणे चिकटतील तितकी वर्षाची बरकत, आणि उरलेले थेट आपल्या ताटांत. गेल्या वर्षी एक माझ्या केसांत सापडला होता. शिवाय एकाच वाडग्यातून सगळ्यांनी खायची, आणि मी एकटी हात आवरून बसायची. पण आजोबांना हे सांगायची माझी छाती नाही. साठ वर्षं त्यांनी गहू पिकवला आणि नातीला नेमका तोच बाधावा! त्यांना वाईट वाटणार असेल तर मी सात तारखेला येईन. रागावू नकोस.

तुझ्या लाल दोऱ्यांना पापा. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ओरिसिया

कॅनोरा
२१ डिसेंबर

चि. ओरिसियास अ. उ. आ.

मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षर लावून घे. तुझ्या आजीनं तुझं पत्र वाचून दाखवलं आणि आमचं दोन दिवस वाजलं. मी म्हणालो, माझ्या बापानं आणि त्याच्याही बापानं गव्हाचीच खीर उडवली. ती म्हणाली, त्यांच्या नाती सहा तारखेलाच ताटावर बसत होत्या.

तर यंदा वरीची खीर, सगळ्यांना. वरीही सीलबंद पाकिटातली, गव्हाशी संबंध आलेला नाही अशी छापील हमी असलेली. पण ती छताला चिकटेल का, हा खरा प्रश्न! म्हणून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये माझा सराव चालू आहे. पहिल्या दिवशी सगळी माझ्या टोपीवर. शेजारचा मिकोला म्हणतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मध वाढवला, मनगट सैल सोडलं, आणि काल दहापैकी सात चमचे चिकटले! पोरी, मी शेडमध्ये एकटाच ओरडलो. आणि हो, सणाची गव्हाची पेंढी यंदा घरात नाही, बाहेर शेडमध्ये. सात तारखेची भानगड नको. सहालाच ये.

तुझा आजोबा, पेत्रो

विनिपेग
१४ जानेवारी

ती. आजी-आजोबांस शि. सा. न. वि. वि.

आज आठवा दिवस आणि पोट गप्प! रोज सकाळी डोळे उघडले की आधी पोटाला विचारते, आणि काही नाही! ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं. त्यांना कळत नाही, काहीच झालं नाही याचा एवढा आनंद कसला. आजी, तुझ्या पिरोही मी चौदा खाल्ल्या, पंधरावी आजोबांनी पळवली. छत पुसायची घाई करू नकोस.

दोघांनी तब्येतीला जपा, आणि माझ्यावरचा जीव असाच असू द्या.

तुमची ओरिसिया

ता. क. आजोबा, वाडगा तुम्ही सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे धरलात. यात काय काय घातलंय हे न विचारता मी चमचा तोंडात घातला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.